परदेशात सेवेला असलेल्या मित्रांकडे जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ख्रिस्ती मंडळीतली, नात्यातली, कॉलेजच्या दिवसांतली काही माणसं आज नेपाळमध्ये आणि केनियात मिशनरी म्हणून सेवेला आहेत. त्यांच्याकडे जाऊन यावं, जमलं तर हातभार लावावा, असं म्हणणारे लोक रविवारी उपासना सुटली की दारातच गाठतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून ते इथे उतरवून ठेवले आहेत. प्रश्न विचारणारे जालना, बीड, परभणीकडचे, त्यामुळे उत्तरंही इथलाच माणूस डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

आम्ही गेलो तर त्यांना खरंच आनंद होतो, की डोक्याला ताप?

दोन्ही. त्यातलं कोणतं जास्त, हे तुमच्यावर आहे. पाहुणे येणार म्हटलं की तिथली वहिनी आधी पाण्याचा हिशोब करते, मग गाद्यांचा. दादाला ठरलेली कामं पुढे ढकलावी लागतात, कारण तुम्हाला आणायला कुणीतरी जायला हवं आणि भाषा येत नसल्यामुळे तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटे जाऊ शकत नाही. शेजारीपाजारी विचारतात, ही माणसं कोण. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत व्हायला वेळ लागत नाही.

पण त्या घरात वर्षवर्षभर मराठी बोलायला बाहेरचं माणूस नसतं, हेही तितकंच खरं. ते जे अहवाल पाठवतात त्यात काय शिकवलं, कोण भेटलं, कशासाठी प्रार्थना करा, एवढंच असतं. ‘थकलोय, कंटाळा आलाय’ हे अहवालात लिहिता येत नाही. ते सांगायला समोर माणूस लागतो, आणि तोही ऐकून गावभर न करणारा. तुम्ही तसे असाल तर जरूर जा.

विचारताना मात्र त्यांना ‘नाही’ म्हणायला जागा ठेवा. “दिवाळीत येतोय, तिकीट काढतोय” याला विचारणं म्हणत नाहीत. “यंदा येऊ, पुढच्या वर्षी येऊ, की सध्या नकोच?” असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. “या की, कधीही या” असं मोघम उत्तर आलं तर आठवडाभराने तारखा घालून पुन्हा विचारा.

लोक म्हणतात, मिशनरी म्हणजे गोरे साहेब. आपली माणसं कसली मिशनरी?

जालनेकरांनी तरी असं म्हणू नये. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री ब्राह्मण घराण्यात जन्मलेले. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईत झाला. पुढे निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंगांकडून त्यांनी वस्तीसाठी जमीन मिळवली, आणि १८७३ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्स या प्रॉटेस्टंट संघटनेच्या परिषदेत ते बोलले. मराठवाड्यातून सातासमुद्रापलीकडे जाण्याला दीडशे वर्षं होऊन गेली.

किती दिवसांसाठी जावं, आणि कोणत्या महिन्यात?

आठवडाभरासाठी गेलात तर निम्मा वेळ प्रवासात आणि झोप भरून काढण्यात जातो. महिना उलटला की यजमान, कितीही प्रेमळ असले तरी, मनातल्या मनात कॅलेंडर बघायला लागतात. दोन ते तीन आठवडे बरे.

महिना ठरवताना दोन पंचांगं बघावी लागतात. शेती असलेल्यांना जून-जुलैत पेरणी सोडून जाता येत नाही, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते आणि फेब्रुवारीत ज्वारी हाताशी येते. नेपाळात जून ते सप्टेंबर पाऊस असतो, दरडी कोसळतात आणि रस्ते दिवसदिवस बंद राहतात. दसैं आणि तिहार या सणांत तिथली निम्मी वस्ती आपापल्या गावी जाते, म्हणजे ज्यांना भेटायचं तेच भेटत नाहीत. मार्च-एप्रिल किंवा सण आटोपल्यावरचा नोव्हेंबर तिथे उत्तम. केनियात मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस. जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट कोरडे जातात.

नाताळात जावं का, यावर आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, तेव्हा ते कामात बुडालेले असतात, अडचण करू नका. दुसरा म्हणतो, नाताळातच घरची आठवण सर्वांत जास्त छळते, करंज्या घेऊन जा. आमचं मत पहिल्या बाजूला झुकतं. करंज्या जानेवारीतही गोड लागतात.

पासपोर्ट नाही. दहावीही झालेली नाही. मग?

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर अशी नोंद येते आणि लोक घाबरतात. ही नोंद आखाती देश, मलेशिया अशा ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांकरता आहे. नेपाळ आणि केनिया त्या यादीत नाहीत. मित्राला भेटायला जाणाऱ्याला तिचा अडथळा नाही.

खरी अडचण नावाची येते. टीसीवर एक नाव, आधारवर दुसरं आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरंच, हे आपल्याकडे घरोघरी आहे. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी आधार आणि टीसी जुळवून घ्या. पुढे तिकीट, निमंत्रणपत्र, विमा, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव अक्षर न अक्षर तेच हवं. मंडळीत तुम्हाला सगळे ज्या नावाने हाक मारतात ते निमंत्रणपत्रात घालू नका. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो. पण मुदत संपायला ६ महिन्यांहून कमी काळ राहिला असेल तर बरेच देश तो चालवून घेत नाहीत.

नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. नुसत्या आधारकार्डावर विमानतळावर जाऊ नका.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन सेवा केली तर चालतं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो. विचारणाऱ्याला ‘हो, चालतं’ हे ऐकायचं असतं, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

मित्राच्या घरी राहणं, त्यांच्याबरोबर उपासनेला जाऊन बसणं, घरात स्वयंपाक करणं, पोरांचा अभ्यास घेणं ही भेट झाली. जाहीर सभेत वक्ता म्हणून उभं राहणं, शाळेत रोज वर्ग घेणं, दवाखान्यात रुग्ण तपासणं हे काम झालं, मग त्याचे पैसे मिळोत वा न मिळोत. बहुतेक देशांचा कायदा या दोन्हींत फरक करतो. आपल्याकडे परदेशी पाहुण्याने टुरिस्ट व्हिसावर येऊन सभा घेतली तर चौकशी होते हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे आपण परदेशी असतो.

फॉर्मवर ‘मित्रांना भेटायला’ असं लिहिणार असाल तर मित्रांना भेटायलाच जा. काम करायचं असेल तर यजमान ज्या संस्थेसोबत आहेत तिला लेखी विचारा, कोणता परवाना लागतो. केनियाचे नियम ऐकीव गप्पांतून ठरवू नका. २०२४ पासून तिथे जाण्याआधी ऑनलाइन ईटीए (प्रवासाचं परवानगीपत्र) घ्यावं लागतं, पण ते भेटीपुरतंच. दीर्घकाळ सेवा करणारे धार्मिक वा धर्मादाय संस्थांचे लोक तिथे क्लास आय नावाच्या परमिटवर राहतात, आणि ते मिळवायला त्यांनी पुष्कळ खेटे घातलेले असतात.

चूक झाली तर तुम्हाला फार तर परत पाठवतील. तुम्ही घरी याल, चार दिवस चर्चा होईल. त्यांचं परमिट मात्र अडकेल, मुलांची शाळा सुटेल आणि उभं केलेलं काम तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या अंगावर येईल. म्हणून यजमान एखाद्या गोष्टीला नको म्हणाले की वाद घालायचा नाही.

नेपाळ तर आपल्यासारखाच देश. तिथे एवढं काय जपायचं?

भाषा कानाला ओळखीची वाटते, पाट्या देवनागरीत असतात, हिंदीवर निभावतं. त्यामुळे माणूस गाफील होतो. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाच्या कलम २६ मध्ये स्वतःचा धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आरोपी परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर त्याला देशाबाहेर काढतात. भारतीय माणूसही तिथे परदेशीच.

म्हणून पत्रकं वाटणं नाही, बसमध्ये शेजारच्याला सुवार्ता सांगायला लागणं नाही, कुणाच्या आजारपणात घरी शिरून मोठ्याने प्रार्थना करणं नाही. तिथल्या मंडळीला काय करता येतं आणि काय नाही, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. ती तिच्या वाटेने चालली आहे. २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकसंख्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्या कामाचा मोठा भाग स्वतः नेपाळी लोकांनी केलेला आहे.

बाकी गोष्टी सोप्या. तिथे साप्ताहिक सुटीची रीत शनिवारची, म्हणून उपासना शनिवारी भरते. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला, तेव्हा पुष्कळ मंडळ्या उपासनेत होत्या, आणि काही इमारती लोकांवरच कोसळल्या. वयस्कर माणसं अजून ते सांगतात, तेव्हा ऐकून घ्या. चपला बाहेर काढून खाली बसायचं, बऱ्याच ठिकाणी बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. भेटल्यावर ‘जयमसीह’. डाळभात सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री, मधे चहा-खाजा, म्हणजे चहा-फराळ. आपल्या भाकरीची सवय असलेल्यांना तिसऱ्या दिवशी पोटात खड्डा पडतो. घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे.

जायचं कसं? विमान नको असेल तर मनमाडला कुशीनगर एक्सप्रेस धरून गोरखपूर, तिथून बसने किंवा जीपने सोनौलीची सीमा आणि पलीकडून काठमांडूची बस. स्वस्त पडतं, अंग मोडतं. साठीच्या पुढच्यांनी विमानानेच जावं, असं आमचं मत आहे.

केनियाला जाताना?

पिवळ्या तापाची लस ही पहिली गोष्ट. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथे ठरावीक वारीच देतात, म्हणून तारीख आधी घ्या. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी हवी. लस घेतल्याचं पिवळं कार्ड आता जन्मभर चालतं. ते नसताना केनियाहून परत आलात तर आपल्याच विमानतळावर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ६० च्या पुढच्यांनी ही लस घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही डॉक्टरच ठरवतील. आपल्याकडे मलेरिया होऊन गेलाय, आता होत नाही, हा समज सोडून द्या.

छत्रपती संभाजीनगरहून निघायचं तर आधी मुंबई गाठावी लागते, तिथून नैरोबीला थेट विमान सहाएक तासांत पोचतं. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे, तेव्हा आफ्रिका म्हणून नुसते सुती कपडे भरू नका, जुलैत स्वेटर लागतो. चहाला चाय आणि चपातीला चपातीच म्हणतात. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने मोडून भाजीबरोबर खायचा. ज्वारीच्या माणसाला तो लवकर जमतो. मंडळीत कुणी ‘ब्वाना असिफिवे’ म्हणालं तर प्रभूची स्तुती असो, असा त्याचा अर्थ, आणि तुम्ही ‘आमेन’ म्हणायचं.

मला इंग्रजी येत नाही. माझा काय उपयोग?

इंग्रजी फाडफाड बोलणारे पाहुणे यजमानांना वगळून सगळ्यांशी बोलत सुटतात. तुम्ही घरात थांबाल. उपयोग आहे.

आम्ही तिथे नेमकं करायचं काय?

पहिला नियम असा, की जे काम तिथला माणूस मजुरीवर करतो ते फुकटात करून त्याची मजुरी बुडवायची नाही. शाळेची भिंत रंगवायला आपण हजारो रुपयांचं तिकीट काढून जायचं, आणि गावातला रंगारी घरी बसून बघणार, ही सेवा कसली? त्या तिकिटाच्या पैशांत त्याला अख्ख्या शाळेचं काम मिळालं असतं. फोटो चांगले येतात हे कबूल.

दुसरा नियम : जे काम तुम्ही गेल्यावर बंद पडेल ते सुरू करू नका. नवा शिवणवर्ग काढून तुम्ही तिसऱ्या आठवड्यात निघालात की मशिनी आणि तक्रारी दोन्ही वहिनींच्या गळ्यात. आधीच चालू असलेल्या वर्गातल्या मशिनींना तेलपाणी करणं, अडलेली मशीन उघडून दुरुस्त करून देणं आणि ते तिथल्या बाईला दाखवणं, हे मात्र पुढेही टिकतं.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. हिशेबाच्या वह्या तुंबलेल्या असतात, पावत्या पिशवीत कोंबलेल्या असतात. बँकेत किंवा पतसंस्थेत नोकरी केलेलं माणूस चार दिवसांत ते मार्गी लावतं. वायरमन असाल तर त्यांच्या घरातले उघडे जोड आधी झाका. स्वयंपाकघर आठवडाभर ताब्यात घ्या, वहिनींना दुपारी झोपू द्या. ज्यांची मुलं तिथेच वाढली आहेत त्यांना मराठी वाचायला शिकवा. आजीशी फोनवर बोलताना ती मुलं ‘हो’ आणि ‘बरं’ याच्या पुढे जात नाहीत, आणि आईबापांना त्याचं फार लागतं. नवरा-बायकोला एक रात्र बाहेर जाऊ द्या, पोरं तुम्ही सांभाळा. हे तुम्हाला किरकोळ वाटेल, पण परत निघताना ज्याबद्दल त्यांचे डोळे भरून आलेले आम्ही पाहिलं ते हेच.

शेतकऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. केनियात माचाकोस, मकुएनी, कितुई हा कमी पावसाचा भाग. तिथे तूर पिकते. तिला ते ‘म्बाझी’ म्हणतात आणि ती भारतातही येते. मराठवाड्यातला तूर काढणारा माणूस तिथे बांधावर उभा राहिला की भाषा नसतानाही अर्धा तास बोलणं होतं : शेंगा पोखरणारी अळी, भाव, पाऊस कधी दगा देतो. तिथले लोक कोरड्या नदीच्या पात्रात बांध घालून वाळूत पाणी साठवतात, ते आपल्या माणसाने बघून यावं असं आहे. पण पहिल्याच दिवशी “आमच्याकडे असं करतात” सुरू करू नका. तुरीचं बियाणं खिशातून नेऊन देण्याचा मोह तर मुळीच नको. परवानगीशिवाय बियाणं नेणं गुन्हा आहे, आणि रोग-किडी त्यातूनच जातात.

रोज सकाळी यजमानांना विचारायचं, आज काय करू? ते सांगतील ते करायचं. काही नाही म्हणाले तर काही नाही. ही शेवटची गोष्ट आपल्या लोकांना सर्वांत अवघड जाते.

मी डॉक्टर / नर्स आहे. कॅम्प घेऊ का?

तिथल्या वैद्यकीय परिषदेच्या तात्पुरत्या नोंदणीशिवाय नाही. नेपाळ आणि केनिया, दोन्हीकडे परदेशी डॉक्टरांना अशी नोंदणी लागते. नर्सिंगसाठी वेगळी परिषद. नोंदणीला वेळ लागतो, तेव्हा सहा महिने आधी सुरुवात करा. नोंदणी नसेल तर यजमानांच्या घरच्यांचा बीपी मोजा आणि आपल्या औषधांच्या पेटीतलं दुसऱ्या कुणाला देऊ नका.

खर्च मंडळीच्या पैशातून करता येईल का? तिकडे पैसे पाठवायचे असतील तर?

चार वेगवेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात.

मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च झालं तर खास मंजुरीशिवाय त्या रकमेवर आयकराची सूट मिळत नाही. त्यामुळे दानपेटीतून तिकीट काढण्याआधी पंच कमिटीने सीएला विचारावं. सोपा मार्ग म्हणजे जाणाऱ्याने आपलं तिकीट आपण काढावं, आणि ज्यांना मदत करायची त्यांनी जाणाऱ्याला वैयक्तिक द्यावी.

दुसरं, परदेशातला मित्र म्हणतो, “तुमच्या ट्रस्टच्या खात्यात तिकिटाचे पैसे टाकतो.” टाकू देऊ नका. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) याखालची नोंदणी असल्याशिवाय ट्रस्टला परदेशी पैसा घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो.

तिसरं, इथून केनियाला वैयक्तिक भेट म्हणून रक्कम पाठवायची तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली बँकेतून जाते, पॅन लागतो. ही योजना नेपाळला लागू नाही. नेपाळला रुपयांत रक्कम पाठवायची वेगळी सोय स्टेट बँकेकडे आहे. शाखेत विचारताना ‘इंडो-नेपाळ रेमिटन्स’ म्हणा, नाहीतर काउंटरवरचा माणूस गोंधळतो.

चौथं, हातात रोख. दुसऱ्यांची पाकिटं ‘तिकडे द्या’ म्हणून नेऊ नका. कुणी कितीही जवळचं असलं तरी.

सोबत काय न्यावं?

त्यांनाच विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं : काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, मुलांसाठी मराठी गोष्टींची पुस्तकं, आणि एखादं औषध जे तिथे मिळत नाही. औषध नेताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. लोणचं नेऊ नका असं आम्ही सांगतो आणि लोक नेतातच. निदान बरणी तरी सामानात सोडायच्या बॅगेत घाला. केनियात प्लॅस्टिकच्या कॅरिबॅगांवर २०१७ पासून कडक बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात, म्हणून सगळं स्टीलच्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरा. ज्वारीचं पीठ न्यायचंच तर छापील पाकिटातलं न्या.

जुने कपडे नेऊ नका.

फोटो आणि स्टेटस?

दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. नेपाळातून काही टाकायचं असेल तर डोंगरांचे फोटो टाका. उपासनेतले चेहरे, गावाचं नाव, यजमानांचं नाव आणि ‘मिशन’ हा शब्द एकाच स्टेटसमध्ये आला की तो कुठपर्यंत फिरेल सांगता येत नाही. मंडळीच्या ग्रुपवरही नको. ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे ॲडमिनलाही धड ठाऊक नसतं. फोनवर बोलतानाही यजमान जे शब्द टाळतात ते तुम्हीही टाळा.

तिथल्या उपासनेत अचानक साक्ष द्यायला उभं केलं तर?

पाच मिनिटं बोला. भाषांतर धरून ती दहा होतात. वाक्यं छोटी ठेवा, मधे थांबा. आपल्या मंडळीचा सलाम सांगा, घरचं माणूस, शेत, प्रभूने काय केलं, बस्स. तिथल्या लोकांना सल्ला देऊ नका आणि दुसऱ्या धर्मांबद्दल एक अक्षरही बोलू नका. निघण्याआधी एखादं मराठी भजन पाठ करून ठेवा, पेटी-तबल्याशिवाय गाता येईल असं. भाषणापेक्षा ते लोकांच्या जास्त लक्षात राहतं.

त्यांच्या घरात ताणतणाव दिसला तर?

दिसेलच. दोन-तीन आठवडे एका छपराखाली राहिलं की नवरा-बायकोचं चिडणं, मुलांचं रुसणं, पैशांची ओढाताण, एखाद्या सहकाऱ्याशी न पटणं हे सगळं समोर येतं. मिशनरी म्हणजे संत असा समज घेऊन गेलेल्यांना धक्का बसतो. त्याची बातमी इथे आणू नका. प्रार्थनेचा विषय म्हणूनही आणू नका, आपल्याकडे प्रार्थनेच्या विषयाला पाय फुटतात. मामला गंभीर असेल, कुणाला मारहाण होत असेल, कुणी खचून गेलं असेल किंवा मुलांची आबाळ होत असेल, तर त्यांना सांगून पाळकसाहेबांशी एकट्यात बोला. इतर वेळी भांडी घासत ऐकून घ्या.

तिकडे आजारी पडलो तर?

प्रवास विमा काढल्याशिवाय निघायचं नाही. बीपी-शुगरची औषधं परतीच्या तारखेपेक्षा आठवडाभर जास्तीची ठेवा, अर्धी हातातल्या बॅगेत.

लाजही वाटून घेऊ नका. बायबलात फिलिप्पैच्या मंडळीने कैदेतल्या पौलाची सेवा करायला एपफ्रदीताला पाठवलं, तर तोच तिथे मरणाला टेकला. गावाकडे कळलं म्हणून तो बिचारा आणखी कष्टी झाला. पौलाने त्याला परत पाठवताना मंडळीला बजावलं, याला आनंदाने घ्या, मान द्या. मदतीला गेलेलं माणूसच अंथरुणाला खिळणं हे तेव्हापासून चालत आलेलं आहे. ताप आला की मात्र लगेच सांगा. यजमानांना त्रास नको म्हणून दोन दिवस लपवलेला मलेरिया त्यांना चार पटीने त्रास देतो.

लहान मुलांना न्यावं का?

यजमानांची मुलं त्याच वयाची असतील तर जरूर. नसतील तर नाही.

नात्यातले काही हिंदू, काही बौद्ध. ते म्हणतात, बाटवायला चाललात. काय सांगावं?

जे करणार आहात ते सांगा : मित्राच्या घरी राहणार, त्याच्या पोरांना मराठी शिकवणार, हिशेब लावून देणार. लपवाछपवी केली की शंका वाढते. कुणी टोमणा मारला तर मारू द्या, तोच भाऊ तुम्ही नसताना तुमच्या म्हशीला पाणी दाखवणार आहे. परत आल्यावर त्याच्या घरीही मिठाई द्यायला जा.

आल्यावर मंडळीत काय सांगायचं?

यजमानांनी जे सांगायला हरकत नाही म्हटलं तेवढंच. निघण्याआधी त्यांच्यासमोर बसून ठरवून घ्या : कोणते फोटो पडद्यावर दाखवायचे, कुणाचं नाव घ्यायचं नाही. ‘तिथले लोक किती गरीब’ यावर वेळ घालवू नका. महिला मंडळात आणि तरुण संघात वेगळं सांगावं लागतं, कारण तरुण व्हिसाचं विचारतात आणि बायका पाण्याचं.

आम्हाला जाणं शक्यच नाही. इथून काय करता येईल?

त्यांचे आईवडील कुठे आहेत ते बघा. मुलगा परदेशात सेवेला, आणि आई अंबाजोगाईला किंवा गेवराईला एकटी, असं असतं. तिला दवाखान्यात कोण नेतं ते विचारा. सातबाऱ्यावरची नोंद, पीकविमा, रेशनकार्डाची केवायसी, पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला, ही कामं परदेशातून फोनवर होत नाहीत. पाळी लावून घ्या, आणि काम झालं की मुलाला पावतीचा फोटो पाठवा.